नेपल्स : खिशाला परवडणारे, पण फुकटचे नव्हे
- विशेष प्रतिनिधी

युरोपच्या सहलीचा विषय निघाला की मराठी मध्यमवर्गीय घरातील चर्चा ठराविक वळणाने पुढे सरकते. पॅरिसचा मनोरा, स्वित्झर्लंडचे बर्फ, रोमचे कलोसियम आणि व्हेनिसची नाव. मग खर्चाचा आकडा समोर येतो आणि चर्चा पुढच्या वर्षावर ढकलली जाते. या यादीत नेपल्सचे नाव क्वचितच असते. असलेच तर रोमहून सकाळी निघालेली बस पॉम्पेईचे अवशेष दाखवून संध्याकाळी परत फिरते आणि पंचवीस किलोमीटरवरचे मूळ शहर खिडकीतूनही दिसत नाही.

हे शहर वगळले जाण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. अस्वच्छता, पाकीटमारी, बेशिस्त वाहतूक, गुन्हेगारी टोळ्यांच्या कहाण्या. त्यात तथ्य अजिबात नाही असे म्हणता येणार नाही. मात्र दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. भूमध्य समुद्राच्या काठावर सुमारे अडीच हजार वर्षे सलग नांदत आलेले हे शहर पाहण्यासाठी लागणारा खर्च रोम, फ्लोरेन्स वा व्हेनिसच्या तुलनेत कमी आहे. नेपल्सचा इतिहास तिकीटबारीच्या आत फारसा नाही. तो रस्त्यावर आहे. हा इतिहास कमी खर्चात कसा पाहावा, कोठे पैसे वाचवावेत आणि कोठे ते वाचवू नयेत, याचा हा आढावा.

रस्ता हेच संग्रहालय

इटालियन भाषेत या शहराला नापोली म्हणतात. मूळ ग्रीक नाव नेआपोलिस, म्हणजे नवे नगर. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक वसाहतकारांनी ते वसवले. त्यांनी आखलेले तीन समांतर मुख्य रस्ते आणि त्यांना काटकोनात छेदणारे बोळ आजही जसेच्या तसे वापरात आहेत. त्यांतील एका सरळ रेषेला लोक 'स्पाक्कानापोली' म्हणतात. शहराचे दोन तुकडे करणारी रेघ, असा त्याचा अर्थ. युनेस्कोने 1995 साली या जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो एखाद्या वास्तूला नव्हे, तर या अखंड नांदत्या नगररचनेला.

म्हणूनच नेपल्समधील पहिला दिवस पूर्णपणे विनामूल्य घालवता येतो. पियाझ्झा बेल्लिनी या चौकात रस्त्याच्या पातळीखाली उघडा ठेवलेला ग्रीक तटबंदीचा तुकडा आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातील हे दगड कठड्याला टेकून कोणालाही पाहता येतात. शेजारीच विद्यार्थी कॉफी पीत बसलेले असतात. तेथून जवळ असलेला व्हिया सान ग्रेगोरिओ आर्मेनो हा चिंचोळा रस्ता मातीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांचा आहे. येशूजन्माचे देखावे घडवणे हा येथील पिढीजात व्यवसाय. ज्यांनी श्रावणात पेणच्या मूर्तिशाळा पाहिल्या आहेत, त्यांना हा रस्ता परका वाटणार नाही. गोठ्यातील बाळ येशूच्या भोवती पिझ्झा भाजणारा, मासे विकणारी बाई, शिवाय त्या वर्षी गाजलेले राजकारणी आणि फुटबॉलपटूही मांडले जातात. आपल्याकडील गणपतीच्या देखाव्यांत चालू घडामोडी डोकावतात, तसाच हा प्रकार.

जुन्या शहरातून बाहेर पडल्यावर लागणारा कोर्सो उंबेर्तो हा रुंद रस्ता मात्र वेगळी गोष्ट सांगतो. 1884 साली नेपल्समध्ये कॉलऱ्याची भीषण साथ आली. त्यानंतर पुढच्याच वर्षी खास कायदा करून दाट वस्त्या पाडण्यात आल्या आणि असे सरळ रस्ते काढले गेले. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 साली सुधार न्यास स्थापन झाला आणि गिरगाव-भायखळ्याच्या दाट वस्तीतून रस्ते काढले गेले, त्याच काळातील आणि त्याच विचारातील ही कारवाई. याच पुनर्रचनेतून गॅलेरिया उंबेर्तो ही काचेच्या प्रचंड घुमटाची बाजारवास्तू उभी राहिली. तिच्यात शिरायला पैसे लागत नाहीत. समोरच 1737 साली सुरू झालेले सान कार्लो हे संगीत नाट्यगृह आहे. मिलानचे ख्यातनाम ला स्काला त्यानंतर 41 वर्षांनी उघडले. पुढे पियाझ्झा देल प्लेबिशितो हे अर्धवर्तुळाकार भव्य मैदान आणि त्यापुढे समुद्र. व्हेसुव्हियस ज्वालामुखीचे दुहेरी शिखर समोर ठेवून किनाऱ्याने चालणे, ही नेपल्समधील सर्वांत सुंदर आणि सर्वांत स्वस्त करमणूक आहे.

चर्चची दारे आणि दुपारची वामकुक्षी

जुन्या शहरात पावलोपावली चर्च आहेत आणि बहुतेकांच्या मुख्य दालनात प्रवेश विनामूल्य आहे. जेझू नुओवो या चर्चचा दर्शनी भाग टोकदार हिऱ्यांसारख्या घडीव दगडांनी मढवलेला आहे. मुळात ही 1470 साली उभी राहिलेली एका सरदार घराण्याची हवेली; नंतर जेझुइटांनी तिचे चर्च केले. बाहेरून किल्ल्यासारखे कठोर आणि आतून सोने, संगमरवर व भित्तिचित्रांनी भरगच्च असे हे चर्च पाहताना तिकीट नाही म्हणून विश्वास बसत नाही.

समोरच असलेल्या सांता क्यारा चर्चचा इतिहास वेगळा आहे. चौदाव्या शतकातील या चर्चवर 4 ऑगस्ट 1943 रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी टाकलेले बॉम्ब पडले आणि आतील सारी सजावट जळून गेली. युद्धानंतर त्याची पुनर्बांधणी करताना जळालेली बरोक सजावट पुन्हा न करता मूळ गॉथिक साधेपणा परत आणला गेला. 1953 साली ते पुन्हा उघडले. चर्च विनामूल्य आहे. मागील बाजूस रंगीत चिनीमातीच्या फरशांनी मढवलेल्या खांबांचे प्रांगण पाहण्यास मात्र तिकीट लागते, आणि ते काढावे असेच ते प्रांगण आहे.

शहराचे मुख्य चर्च म्हणजे दुओमो. येथे शहराचे संरक्षक संत सान जेन्नारो यांचे रक्त कुपीत जपले आहे. वर्षातून तीन वेळा, म्हणजे मे महिन्यातील पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी, 19 सप्टेंबरला आणि 16 डिसेंबरला ते घट्ट रक्त पातळ होण्याची वाट हजारो लोक पाहतात. या संताशी शहराने 1527 साली चक्क लेखी करार केला. युद्ध, प्लेग आणि व्हेसुव्हियसच्या तडाख्यातून वाचव, तुला नवे देवालय बांधू, असा तो नवस. संताला जाऊन तेव्हा हजार वर्षे उलटून गेली होती. पुढील शतकात देवालय बांधून शहराने आपला शब्द पाळला.

चर्च पाहताना एक व्यावहारिक सूचना. सकाळी उघडलेली अनेक चर्च दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारच्या पुढे पुन्हा उघडतात. दुपारी एक ते चार ही वेळ पुणेकरांइतकीच नेपल्सच्या चर्चनाही प्रिय आहे. त्यामुळे चर्च सकाळी, संग्रहालये दुपारी आणि समुद्रकिनारा संध्याकाळी, असा क्रम ठेवल्यास पायपीट आणि मनस्ताप दोन्ही टळतात. खांदे व गुडघे झाकणारे कपडे असावेत.

पहिल्या रविवारचा हिशेब

संग्रहालयांसाठी मात्र पैसे मोजावे लागतात आणि येथेच नियोजनाला महत्त्व येते. एक युरो म्हणजे शंभर रुपयांहून थोडे अधिक, असा ढोबळ हिशेब धरावा. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आणि पॉम्पेई या दोन्ही ठिकाणी प्रौढ व्यक्तीला प्रत्येकी वीस युरोंच्या आसपास खर्च येतो. हर्क्युलेनियमचे तिकीट त्याहून काहीसे कमी आहे. तीनही ठिकाणे पाहायची तर माणशी पाच-साडेपाच हजार रुपये केवळ प्रवेशाचे होतात. चौघांच्या कुटुंबाने सरसकट चार तिकिटे धरली, तर हा आकडा वीस हजारांच्या पुढे जातो आणि बेत तेथेच बारगळतो.

प्रत्यक्षात तसे होण्याचे कारण नाही. इटलीतील सरकारी संग्रहालये आणि पुरातत्त्वस्थळे यांत 18 वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य आहे आणि ही सवलत कोणत्याही देशाच्या नागरिकाला लागू आहे. वयाच्या पुराव्यासाठी पासपोर्ट जवळ हवा. म्हणजे दोन शाळकरी मुले असलेल्या कुटुंबाचा खर्च थेट निम्म्यावर येतो. दोन युरोंत प्रवेशाची जी सवलत 18 ते 25 या वयोगटाला आहे, ती प्रामुख्याने युरोपीय संघाच्या नागरिकांसाठी आहे. भारतीय विद्यार्थ्यांनी ती गृहीत धरू नये. ज्येष्ठ नागरिकांनीही सवलतीची अपेक्षा ठेवू नये. 65 वर्षांवरील व्यक्तींना पूर्वी असलेला मोफत प्रवेश 2014 साली बंद करण्यात आला.

त्याच वर्षी एक नवी योजना आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालये आणि पुरातत्त्वस्थळे सर्वांना विनामूल्य खुली ठेवली जाऊ लागली. याशिवाय 25 एप्रिल, 2 जून आणि 4 नोव्हेंबर या राष्ट्रीय महत्त्वाच्या दिवशीही मोफत प्रवेश असतो. सहलीच्या तारखा अशा दिवसाला जुळवून घेतल्या तर मोठी बचत होते. मात्र 'मोफत' या शब्दाला जगात सर्वत्र एकच फळ येते, ते म्हणजे गर्दी. पॉम्पेईसारखे विस्तीर्ण स्थळ पहिल्या रविवारी पाहण्यापेक्षा तो दिवस शहरातील पुरातत्त्व संग्रहालयासाठी किंवा टेकडीवरील कापोदिमोंते या राजवाड्यातील चित्रसंग्रहासाठी राखावा आणि पॉम्पेईला आठवड्यातील साध्या दिवशी तिकीट काढून जावे, हे शहाणपणाचे.

शिवाय खासगी वा चर्चच्या मालकीच्या स्थळांना ही योजना लागू नाही. सान्सेव्हेरो प्रार्थनागृहातील, 1753 साली जुझेप्पे सानमार्तिनो याने घडवलेला 'झाकलेला ख्रिस्त' पाहण्यासाठी रविवार असो वा सोमवार, तिकीट लागतेच आणि ते आगाऊ राखून ठेवावे लागते. मृत ख्रिस्ताच्या चेहऱ्यावरचे तलम वस्त्र आणि त्याखालून उमटणाऱ्या शिरा एकाच संगमरवरातून कोरल्या आहेत. येथे पैसे वाचवण्याचा विचार करू नये.

तीन-चार दिवसांचा मुक्काम असल्यास 'कांपानिया आर्टेकार्ड' या एकत्रित पासचा विचार करता येतो. त्यात ठरावीक पहिली दोन-तीन स्थळे पासच्या किमतीतच पाहता येतात, पुढील स्थळांवर सवलत मिळते आणि सार्वजनिक वाहतुकीचाही त्यात समावेश असतो. यातील खुबी अशी, की मोफत कोणते आणि सवलतीचे कोणते हे पाहण्याच्या क्रमावर ठरते. म्हणून सर्वांत महाग तिकिटाचे स्थळ आधी पाहावे आणि स्वस्त तिकिटाचे नंतर. पहिला रविवार मुक्कामात येत असेल, तर पास घेणे बहुधा तोट्याचे ठरते.

नेपल्समधील 'लक्ष्मी'

पुरातत्त्व संग्रहालयात मराठी प्रेक्षकाने चुकवू नये अशी एक वस्तू आहे. 1938 साली पॉम्पेईच्या व्हिया देल्ल'आब्बोंदान्झा या रस्त्यावरील एका घराच्या उत्खननात हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम पंचवीस सेंटिमीटर. दोन्ही बाजूंना दोन छोट्या सेविका, गळ्यात, कमरेला आणि पायांत भरगच्च दागिने. सापडली तेव्हा तिला लक्ष्मी म्हटले गेले. आता बहुतेक अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्या डोक्यावरील भोकावरून ती एखाद्या आसनाचा पाय किंवा आरशाची मूठ असावी, असा तर्क केला जातो.

इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात पॉम्पेई गाडले गेले. त्यामुळे ही मूर्ती त्यापूर्वीच भारतातून तेथे पोहोचली होती, हे निश्चित. ती नेमकी कोठे घडली याविषयी मतभेद आहेत. मात्र जालना जिल्ह्यातील भोकरदन आणि धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे तिच्याशी मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्ती सापडल्या आहेत. त्यामुळे ती सातवाहनांच्या मुलखातून गेली असावी, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. त्याच शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठण, तेर आणि कल्याण यांचा उल्लेख आहे, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे. मराठवाड्याच्या भूमीशी नाते सांगणारी ही चिमुकली मूर्ती संग्रहालयाच्या 'गुप्त दालनात' असते. प्राचीन रोमन समाजातील शृंगारिक कलावस्तूंसाठीचे हे दालन कधीकाळी सर्वसामान्यांना बंद असे. आत जाण्यापूर्वी लहान मुलांसोबतच्या पालकांनी ही बाब लक्षात ठेवावी.

जमिनीखालचे कलादालन

नेपल्समध्ये टॅक्सी करण्याची गरज फारशी पडत नाही. मेट्रो, बस आणि डोंगर चढणाऱ्या दोरखेचू गाड्या यांचे एका फेरीचे तिकीट दीड-दोन युरोंच्या घरात असते. मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेवरील अनेक स्थानके नामवंत कलावंत व वास्तुरचनाकारांकडून सजवून घेण्यात आली आहेत. 2012 साली उघडलेले तोलेदो स्थानक जमिनीखाली सुमारे पन्नास मीटर आहे. स्पॅनिश वास्तुरचनाकार ऑस्कर टुस्केट्स यांच्या या रचनेत सरकत्या जिन्याने खाली जाताना भिंतींचा रंग पिवळसर दगडावरून गडद निळ्यावर जातो आणि समुद्राच्या तळाशी उतरत असल्याचा भास होतो. दान्ते, उनिव्हेर्सिता, मुझेओ ही स्थानकेही याच मालिकेतील. एका तिकिटात अर्धा दिवस सहज जातो, फक्त तिकिटाच्या मुदतीकडे लक्ष हवे.

मेट्रोच्या बांधकामाला विलंब का झाला, याचे उत्तर म्युनिचिपिओ स्थानकाजवळ मिळते. 2004 साली येथे खोदकाम करताना प्राचीन बंदर आणि त्यात रुतलेली रोमन जहाजे सापडली. बोगदा थांबला, पुरातत्त्वज्ञ आले. शहराच्या पोटात हात घातला की इतिहास लागतो, अशी तेथील अभियंत्यांची अडचण आहे.

तोलेदोजवळून सुटणारी 1928 सालची मध्यवर्ती दोरखेचू गाडी वोमेरो टेकडीवर नेते. तेथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर सान मार्तिनोचा मठ आहे. मठात तिकीट लागते, पण बाहेरील कठड्यावरून दिसणारे शहर, स्पाक्कानापोलीची सरळ रेघ आणि मागचा ज्वालामुखी यांना तिकीट नाही. उतरताना गाडीऐवजी पेदामेंतिना हा जुना दगडी पायऱ्यांचा मार्ग घ्यावा. पायऱ्या 414 आहेत. पर्वती चढ-उतर करणाऱ्यांना त्याचे काही वाटणार नाही.

पॉम्पेईला जाण्यासाठी चिर्कुमव्हेसुव्हियाना ही उपनगरी गाडी आहे. 'पॉम्पेई स्काव्ही' या स्थानकावर उतरले की समोरच प्रवेशद्वार. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या या प्रवासाला सहलीच्या बसच्या तुलनेत अगदीच किरकोळ खर्च येतो. गाडी जुनाट, गर्दीची आणि वेळापत्रकाशी सैल नाते असलेली आहे. मुंबईच्या लोकलने प्रवास केलेल्यांना तिचे भय वाटण्याचे कारण नाही, पण पाकीट मात्र पुढच्या खिशात असावे. गारिबाल्दी या गजबजलेल्या स्थानकाऐवजी एक स्थानक आधीच्या पोर्ता नोलाना येथून, म्हणजे गाडी सुटते तेथूनच बसल्यास जागा मिळते. जाता जाता एक नोंद. इटलीतील पहिली रेल्वे 1839 साली याच किनाऱ्याने, नेपल्स ते पोर्तिची अशी धावली. बोरीबंदर ते ठाणे गाडी त्यानंतर चौदा वर्षांनी धावली.

पॉम्पेईला 2024 साली चाळीस लाखांहून अधिक लोकांनी भेट दिली. वाढत्या गर्दीमुळे 15 नोव्हेंबर 2024 पासून तेथे दिवसाला वीस हजार प्रेक्षकांची मर्यादा घालण्यात आली असून तिकिटावर नाव असते. म्हणून ओळखपत्र सोबत हवे. ज्यांना इतकी गर्दी नको, त्यांच्यासाठी त्याच मार्गावर वीसेक मिनिटांवर एर्कोलानो, म्हणजे प्राचीन हर्क्युलेनियम आहे. ते आकाराने लहान, पण तेथे घरांचे वरचे मजले आणि जळून कोळसा झालेली लाकडी तुळई, दारे अद्याप दिसतात.

आणि ज्यांना तिकीटच काढायचे नाही, त्यांनी पश्चिमेकडील पोत्सुओलीला जावे. रोमन काळात पूर्वेकडील माल उतरणारे हे मोठे बंदर होते. येथील रोमन बाजारपेठेचे तीन उंच संगमरवरी खांब रस्त्यावरील कठड्यावरूनच दिसतात. या खांबांवर बऱ्याच उंचीपर्यंत सागरी शिंपल्यांनी पाडलेली भोके आहेत. म्हणजे ही जमीन समुद्रात खचली आणि पुन्हा वर आली. चार्ल्स लायेल या शास्त्रज्ञाने 1830 साली भूशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठालगत याच खांबांचे चित्र छापले होते. जमिनीची ही हालचाल थांबलेली नाही. 2024 आणि 2025 साली तेथे भूकंपाचे धक्केही बसले. म्हणून जाण्यापूर्वी स्थानिक सूचना पाहून घ्याव्यात.

पोटापाण्याचा प्रश्न

शाकाहारी पर्यटकांना युरोपात पोटाची चिंता असते. नेपल्समध्ये ती बरीच कमी होते. पिझ्झा हे येथील गरिबांचे अन्न होते आणि आजही ते परवडणारेच आहे. येथील पिझ्झा भाजण्याच्या कलेला युनेस्कोने 2017 साली अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीच्या जातीच्या पानांचा मार्गेरिता हा प्रकार 1889 साली राणीसाठी प्रथम बनवला गेला, अशी कथा सांगितली जाते. इतिहासकार मात्र तिच्याविषयी साशंक आहेत. मारिनारा या प्रकारात नावावरून वाटते तसे मासे नसतात. टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते. चौघडी घालून कागदात मिळणारा छोटा पिझ्झा उभ्याउभ्या खाल्ला जातो. त्याची किंमत दोन-तीन युरो असते आणि दुपारचे जेवण भागते.

तरीही दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. 'ताराल्ली' ही मिरीची खमंग कडबोळी आणि 'स्फोलियातेल्ला' ही पापुद्र्यांची गोड पेस्ट्री यांत पारंपरिक पद्धतीने डुकराची चरबी वापरली जाते. बाहेरून पाहता दोन्ही पदार्थ निखालस शाकाहारी वाटतात.

उपाहारगृहात बसून जेवल्यास बिलात माणशी 'कोपेर्तो', म्हणजे बैठकीचा आकार लावला जातो. ही फसवणूक नव्हे, रीत आहे आणि ती दरपत्रकावर छापलेली असते. कॉफीबाबतही हाच नियम. काउंटरपाशी उभे राहून प्यायल्यास सव्वा-दीड युरो. तीच कॉफी चौकातील खुर्चीवर बसून मागवल्यास दर कितीतरी वाढतो. स्थानिक माणूस उभ्यानेच पितो.

स्वस्ताईची किंमत

हा सारा हिशेब पर्यटकाच्या बाजूचा झाला. त्याला दुसरी बाजूही आहे. सुमारे नऊ लाख वस्तीच्या या शहरात गेल्या दशकात पर्यटकांची संख्या झपाट्याने वाढली. जुन्या शहरातील तळमजल्यावरच्या एका खोलीच्या घरांना 'बास्सो' म्हणतात. रस्त्यावर थेट दार उघडणाऱ्या या खोल्यांत पिढ्यान्‌पिढ्या गरीब कुटुंबे राहत आली. मुंबईतील चाळीच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडासारखेच ते जिणे. आज यांतील अनेक खोल्या पर्यटकांना रोजाने भाड्याने दिल्या जातात. दरमहा भाडे देणाऱ्या कुटुंबापेक्षा दोन रात्रींचा पाहुणा घरमालकाला अधिक किफायतशीर ठरतो. परिणामी जुने रहिवासी शहराच्या बाहेरच्या भागांत फेकले जात आहेत आणि त्याविरुद्ध स्थानिकांनी आवाजही उठवला आहे. ज्या गजबजलेल्या, जिवंत गल्ल्यांसाठी पर्यटक नेपल्सला येतो, त्या गल्लीतील माणसेच त्याच्या येण्याने कमी होत आहेत, असा हा पेच आहे.

पर्यटकाच्या हाती यावर फार उपाय नाहीत, पण काहीच नाही असेही नाही. इटलीत 1 जानेवारी 2025 पासून अल्पमुदतीने भाड्याने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळखक्रमांक बंधनकारक झाला असून तो जाहिरातीत आणि दारावर दाखवावा लागतो. असा क्रमांक नसलेली खोली कितीही स्वस्त असली तरी टाळावी. शहर दर रात्रीमागे माणशी जो निवासकर घेते, तो टाळण्यासाठी रोखीचा व्यवहार करू नये. वर सांगितलेल्या विनामूल्य रस्त्यांची झाडलोट अखेर कोणाच्या तरी पैशांतून होते.

पैसे कोठे खर्च केले म्हणजे ते शहरात राहतात, याचे एक चांगले उदाहरण सानिता या वस्तीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्याकडे जाणारा पूल या वस्तीच्या डोक्यावरून बांधला गेला आणि वस्ती शहरापासून तुटली. पुढे बेकारी आणि गुन्हेगारी एवढीच तिची ओळख उरली. वस्तीच्या पोटात ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतील भुयारी दफनभूमी होती, पण ती पाहायला कोणी येत नसे. 2006 साली वस्तीतीलच तरुणांनी 'ला परान्झा' ही सहकारी संस्था काढली. भुयारे साफ केली, दिवे लावले आणि स्वतः मार्गदर्शक म्हणून उभे राहिले. आज या भुयारांना दरवर्षी लाखाच्या वर प्रेक्षक भेट देतात आणि त्यातून वस्तीतील तरुणांना रोजगार मिळतो. येथील तिकिटात मार्गदर्शकाचा समावेश असतो आणि वस्तीतील दुसरी भुयारी दफनभूमीही त्याच तिकिटावर वर्षभरात केव्हाही पाहता येते. नेपल्समध्ये एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे झाले, तर ते येथे करावेत.

याच शहरात एक जुनी रीत आहे. कॉफीच्या दुकानात एखादा माणूस एक कॉफी पितो आणि दोन कॉफींचे पैसे देतो. दुसरी कॉफी 'सोस्पेझो', म्हणजे राखून ठेवलेली. नंतर ज्याच्या खिशात पैसे नाहीत असा कोणी दारात डोकावून राखलेली कॉफी आहे का, असे विचारतो आणि ती त्याला मिळते. देणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसतो. कमी पैशांत नेपल्स पाहून परतणाऱ्याने निघण्यापूर्वी शेवटच्या कॉफीचे बिल देताना आणखी सव्वा युरो काउंटरवर ठेवावा. सहलीच्या हिशेबात तो कोठेही जाणवणार नाही.

चौकट : जाण्यापूर्वी

- इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो. 11 जून 2024 पासून प्रौढांसाठी त्याचे शुल्क 90 युरो आहे. किमान 30 हजार युरो संरक्षणाचा प्रवास विमा आवश्यक.

- एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा काळ सोयीचा. ऑगस्टमध्ये उकाडा असतो आणि 15 ऑगस्टच्या सुटीच्या आसपास अनेक छोटी दुकाने बंद राहतात.

- पुरातत्त्व संग्रहालय आणि सान्सेव्हेरो प्रार्थनागृह मंगळवारी, तर कापोदिमोंते संग्रहालय बुधवारी बंद असते. कापोदिमोंतेचे विस्तीर्ण उद्यान विनामूल्य आहे.

- रोमहून वेगवान गाडीने सव्वा तासाच्या आसपास लागतो. साधी प्रादेशिक गाडी दोन-तीन तास घेते, पण तिचे भाडे बरेच कमी असते आणि ते ऐनवेळी वाढत नाही.

- विमानतळावरून मुख्य रेल्वे स्थानक आणि बंदराकडे थेट बस आहे. टॅक्सीची आवश्यकता नाही.

- तिकिटांचे दर आणि वेळा बदलत असतात. निघण्यापूर्वी अधिकृत संकेतस्थळांवर खात्री करून घ्यावी.